उतारवय आणि नवी अक्षरओळख



वसंत ऋतूत संध्याकाळी चार माणसे जमवून एखाद्या विषयाचा विचार करावा, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली आणि पुढे ती महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुजली. इतिहास, अध्यात्म, अर्थकारण हे या प्रथेतले नेहमीचे विषय. केदारेश्वराच्या या धर्मापुरीत, चालुक्यकालीन शिल्पांच्या शेजारी उभा राहून, मी मात्र आज लॅपटॉपवर बोलणार आहे, आणि तेही साठी ओलांडलेल्या मंडळींसमोर. विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. "आमची आता हरी हरी म्हणायची वेळ, हे खेळणे नातवांच्या हाती शोभते," असे कोणी मनात म्हटलेही असेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की निकाल शेवटी द्यावा. मी यंत्राची जाहिरात करायला उभा नाही. आपल्या नावाने होणारे व्यवहार आपल्या हातात राहावेत की नाहीत, हा माझा खरा विषय आहे. लॅपटॉप हे त्याचे केवळ साधन.

१८७५ हे साल आणखी एका गोष्टीसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. या दंग्यांची एक विशेषता चौकशी करणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आली. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे हस्तगत करायचे आणि जाळायचे, हेच बहुतेक ठिकाणी घडले. कागदावर एवढा राग कशासाठी? कारण त्या कागदात काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नव्हते. पण खाली निशाणी मात्र त्याचीच होती. कोणी नांगराची खूण करी, पुढच्या काळात डाव्या हाताचा अंगठा उठवी. मजकूर एकाचा, शाई दुसऱ्याची आणि जबाबदारी तेवढी आपली! १८७९ साली सरकारने कायदा केला आणि अशा शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकापुढे व्हावेत अशी तजवीज केली. कायद्याने थोडा आधार दिला. पण खरा आधार अक्षरओळखीनेच मिळाला.

आता आजच्या काळाकडे पाहा. आपण म्हणतो, अंगठ्याचा जमाना गेला. मला तसे वाटत नाही. अंगठ्याने रूप तेवढे बदलले आहे. बँकेतून पैसे काढायचे, निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायचा, अनुदानासाठी नोंद करायची, की मोबाइलवर काही अंकांचा गुप्त क्रमांक येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो क्रमांक आपण ज्याला सांगतो त्याच्या हाती आपली संमती जाते. पडद्यावर काय लिहिले होते, कोणत्या चौकोनात खूण झाली, रक्कम किती भरली गेली, हे आपण पाहिलेले नसते. म्हणजे पुन्हा तेच : मजकूर दुसऱ्याचा, संमती आपली. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की, ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकानेच सोसायचे. जुन्या रोख्याखालच्या अंगठ्यापेक्षा हे काय वेगळे आहे?

याचा अर्थ असा नव्हे की नातू लबाड आहे, किंवा सेवा केंद्रावरचा मुलगा फसवतो. बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि आपुलकीने मदत करतात. परंतु विश्वास आणि परावलंबन यांत अंतर आहे. ज्याला स्वतः वाचता येते आणि तरी जो दुसऱ्यावर काम सोपवतो, तो विश्वास ठेवतो. ज्याला वाचताच येत नाही, त्याला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पहिल्याच्या विश्वासाला मोल आहे. दुसऱ्याचा विश्वास ही लाचारी आहे. आपल्या ज्येष्ठांना या लाचारीतून सोडवायचे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : "या वयात आता काय शिकणार?" मराठवाड्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याचे मला नवल वाटते. आज जे नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्या लहानपणी येथे निजामाचे राज्य होते आणि सरकारदरबारी उर्दू चाले. घरी मराठी, कचेरीत उर्दू, जुन्या दप्तरात मोडी, पोथीत बाळबोध, असा चौरंगी कारभार होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. एवढ्या अवधीत कचेरीची भाषा बदलली, लिपी बदलली. हैदराबाद संस्थानचा हाली रुपया गेला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली; रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे झाले. मागोमाग शेर आणि मण जाऊन किलो आला.

तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची साठी उलटलेली होती. त्यांतल्या कितीएकांना अक्षरओळखही नव्हती. पण बाजारात ज्वारी विकायला गेलेला म्हातारा आण्यांचे नवे पैसे किती, हे चुकला काय? चुकला असता तर पदरचे गेले असते, म्हणून तो शिकला. त्याला कोणी वर्ग भरवून शिकवले नाही, गरजेने शिकवले. तात्पर्य, उतारवयात बुद्धी मंद होते म्हणून शिकणे थांबते, हे पुरते खरे नाही. स्मरणाला थोडा वेळ जास्त लागतो, बोटे पूर्वीसारखी चपळ राहत नाहीत, हे कबूल. परंतु शिकणे बहुधा थांबते ते "तुम्हांला नाही जमायचे, आणा इकडे" असे म्हणून कोणीतरी काम हातातून काढून घेते म्हणून.

सरकारनेही या बाबतीत हात थोडा आखडताच घेतला होता. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले. प्रत्येक ग्रामीण कुटुंबातल्या एकाला संगणक आणि मोबाइल वापरायला शिकवावे, असा त्याचा उद्देश. काम मोठे होते. सहा कोटींहून अधिक लोकांना शिक्षण देऊन ते मार्च २०२४ अखेर संपले. पण त्यात वयाची अट होती : चौदा ते साठ. म्हणजे ज्या दिवशी माणूस निवृत्त होऊन निवृत्तिवेतनाच्या कागदांत पडतो, नेमके तेव्हापासून त्याला शिकवण्याची जबाबदारी या अभियानावर नव्हती. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील कोणालाही शिकता येते, वरची मर्यादा नाही, आणि डिजिटल साक्षरतेलाही त्यात स्थान आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र सरकारी योजना दारापर्यंत येते, उंबरठा आपणच ओलांडायचा असतो.

तो ओलांडता येतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान खेडे आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिलादिनी, योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेला जाऊ लागल्या. पाटीवर मुळाक्षरे गिरवू लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास नातवंडे घेऊ लागली. त्याहून मागे जायचे तर १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम आठवावी. गावाने स्वतः निश्चय करायचा, शिकलेल्याने न शिकलेल्याला शिकवायचे, आणि गाव साक्षर झाले की सर्वांनी मिळून समारंभ करायचा. ही मोहीम पुढे राज्यभर गेली. अशा सर्व प्रयत्नांनी एक धडा दिला आहे : शिकलेली अक्षरे वापरली नाहीत तर ती पुसली जातात. म्हणून जे शिकायचे ते रोज उपयोगी पडेल असेच शिकले पाहिजे. हा धडा लॅपटॉपला जसाच्या तसा लागू आहे.

कोणी विचारील, मोबाइल घरोघर आहे, मग लॅपटॉपच कशाला? मोबाइल टाकून द्या असे मी म्हणत नाही. बोलायला, फोटो पाहायला तो सोयीचा. पण त्याचा पडदा तळहाताएवढा, अक्षर मुंगीएवढे, आणि बोट जरा सरकले की भलतेच काही उघडते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना आणि कापऱ्या बोटांना तो छळतो. लॅपटॉपचा पडदा थाळीएवढा. कळा दाबल्या की दाबल्याचे बोटाला कळते. अर्ज पूर्ण दिसतो. वरचे वाचायला खालचे सोडावे लागत नाही. त्याला आपली बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तास-दोन तास काम अडत नाही. आपल्या भागात हा गुण लहान नव्हे. शिवाय नातवाला शेजारी बसवून दोघांना एकच पान वाचता येते. शिकायला मोठी पाटी बरी, हे आपण पोरांच्या बाबतीत जाणतोच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या दिवशी एवढेच करावे : झाकण उघडावे, सुरू करण्याची कळ एकदाच दाबावी आणि थांबावे. यंत्र जागे व्हायला थोडा वेळ घेते. तेवढ्यात पुन्हा पुन्हा कळ दाबू नये. काम झाल्यावर झाकण नुसते मिटले तर ते बहुधा झोपते, बंद होत नाही. बंद करायचे तर पडद्यावरच्या यादीतून शट डाऊन निवडावे. लॅपटॉप वाकळेवर किंवा गादीवर ठेवू नये; त्याची हवा खालून किंवा बाजूने खेळते, ती कोंडली की तो तापतो. पाट किंवा टेबल बरे. चहाचा पेला त्याच्या पंगतीला बसवू नये.

चष्म्याविषयी एक गोष्ट सांगतो, कारण पुष्कळांचा उत्साह येथेच मावळतो. पोथी आपण जवळ धरतो, लॅपटॉप हातभर दूर असतो. जवळच्या वाचनाचा नंबर या अंतराला नेमका बसत नाही. मग मान वर करून चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहावे लागते आणि मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे अंतर सांगून सल्ला घ्यावा. यंत्राकडूनही अक्षर मोठे करून घेता येते. इंटरनेटवरचे कोणतेही पान उघडले असता कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि अधिकची कळ दाबावी. अक्षर वाढत जाते. वजाची कळ दाबली की कमी होते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग आहे. तेथे अक्षराचा आकार आणि पडद्यावर फिरणारा बाण, दोन्ही कायमचे मोठे करून ठेवता येतात. हे काम एकदा कोणा जाणत्याकडून करून घ्यावे.

कळांच्या खाली जो गुळगुळीत चौकोन असतो, त्यावर बोट फिरवून बाण हलवायचा असतो. शेतात राबलेल्या, घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांना तो पुष्कळदा दाद देत नाही. यात आपला दोष नाही. साधा माऊस जोडून घ्यावा. तो स्वस्त असतो आणि मुठीत बसतो. दोनदा झटपट टिचकी मारणे जमत नसेल तर त्या टिचकीचा वेग सेटिंग्जमधून कमी करता येतो. शिकणाऱ्याने यंत्राप्रमाणे वाकावे, त्याआधी यंत्राला शिकणाऱ्याप्रमाणे वाकवावे.

सगळ्यांत मोठी अडचण भीतीची. "काही बिघडले तर?" हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. त्यावर एकच मंत्र देतो. लिहिता लिहिता चुकले, मजकूर पुसला गेला, तर कंट्रोल कळ दाबून धरा आणि झेड दाबा. झालेली चूक मागे जाते. पुन्हा दाबा, आणखी मागे जाते. संसारात ही सोय नाही, लॅपटॉपमध्ये आहे! दुसरा मंत्र : लिहिलेले जतन करायला कंट्रोल आणि एस. दर चार ओळींनी ही जोडी दाबायची सवय लावावी. या दोन जोड्या हाताला बसल्या की निम्मी भीती गेली. पैशाच्या व्यवहाराला मात्र पहिला मंत्र लागू पडत नाही. तेथे दाबलेले परत येत नाही. म्हणून पहिले काही महिने लॅपटॉपवर पैशाचा व्यवहार करूच नये. वाचावे, लिहावे, पाहावे.

आता लिहिण्याविषयी. अनेकांचा समज असा की, इंग्रजी आल्याशिवाय लॅपटॉप येत नाही. हा समज मुळातून चुकीचा आहे. भारतीय लिपींसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक १९८६ साली सरकारी पातळीवर ठरला आणि १९९१ साली राष्ट्रीय मानकात आला. त्याची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. जेथे क तेथेच, शिफ्ट कळ दाबली की, ख. जेथे ग तेथे घ, जेथे त तेथे थ, जेथे प तेथे फ. ज्याला बाराखडी पाठ आहे त्याला ही मांडणी उमगायला फार वेळ लागत नाही. इंग्रजी एबीसीडी न येणारा माणूस येथे मागे पडत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा एकदा जोडून घेतली की विंडोजची कळ आणि स्पेसची लांब पट्टी एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जाता येते. कळांवर चिकटवायला देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्याही मिळतात. ज्यांनी तरुणपणी मराठी टंकलेखन केले, त्या निवृत्त कारकुनांना जुन्या टंकयंत्राची मांडणीही संगणकात बसवून घेता येते. त्यांची बोटे आपोआप चालू लागतील. आणि बोटे चालतच नसतील, तर बोलावे. गूगलने २०१७ साली बोललेली मराठी लिहून घेण्याची सोय केली. आपण बोलावे, पडद्यावर अक्षरे उमटतात. चुकली तेवढी सुधारावी.

आपल्या शेजारच्या अंबाजोगाईला मुकुंदराज होऊन गेले, दासोपंत होऊन गेले. दासोपंतांनी कागद बाजूला ठेवून लांबच लांब कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, हे आपण जाणतो. दगड, ताम्रपट, कापड, कागद असे लिहिण्याचे साधन बदलत गेले. अक्षर तेच राहिले. त्या परंपरेतल्या लोकांना पडद्यावरचे अक्षर परके का वाटावे?

शिकायचे काय, तर आपल्या गरजेचे. संगणकाच्या पोटात काय आहे, हे पहिल्या धड्यात सांगू नये. बैलगाडी हाकायला सुतारकाम यावे लागत नाही. शेतकऱ्याने आपल्या गटाचा सातबारा शोधावा. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो माहितीसाठी फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा उतारा शासनाने २०१८ सालापासून ऑनलाइन उपलब्ध केला. आपल्याच जमिनीवर कोणाचे नाव आहे, बोजा कोणाचा आहे, हे आपल्या डोळ्यांनी वाचण्यासारखा पहिला धडा नाही! ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याने हयातीच्या दाखल्याची माहिती वाचावी. २०१४ साली जीवन प्रमाण ही सोय आली आणि दाखला अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या मिळू लागला. पण राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या; यंत्र ठसा ओळखीना. तेव्हा २०२१ साली मोबाइलपुढे चेहरा धरून दाखला देण्याची सोय झाली. पाहा, काळाने आपला अंगठाही झिजवला. आता डोळे उघडे ठेवण्यावाचून मार्ग नाही.

आणि आजींनी काय शिकावे? आपल्या जिल्ह्याचे एक दुखणे आपण सारे जाणतो. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. त्या काळात घराचा कारभार, पोरांची शाळा, आलेल्या पैशाचा हिशेब हे सारे आजीच्या डोक्यावर असते. कोपीवरच्या लेकीचे तोंड मोठ्या पडद्यावर पाहता आले, नातवाला त्याची आई दाखवता आली, खात्यात किती जमा झाले ते पासबुकाशी ताडून पाहता आले, तर आजीला तेवढे पुरे. हे शिक्षण करमणुकीचे नव्हे. ते घर उभे ठेवणारे आहे.

आता सावधगिरीचे चार शब्द. लॅपटॉप शिकला म्हणजे फसवणूक टळली असे नाही. वाचता येणारेही फसतात. म्हणून काही नेम पाळावेत. गुप्त क्रमांक आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये. बँक तो कधीच विचारत नाही. संकेतशब्द जन्मतारखेचा नसावा. आपल्याच ओळखीचे दोन-तीन शब्द जोडून लांबट करावा, आणि आठवत नसेल तर वहीत लिहून ती वही दागिन्यांसारखी घरात जपावी. लॅपटॉपला चिकटवू नये. पडद्यावर एकाएकी "तुमचे यंत्र बिघडले, या नंबरवर फोन करा" अशी पाटी आली तर फोन करू नये, पान बंद करावे. अलीकडे पोलिसाचा किंवा न्यायाधीशाचा वेष करून चित्रफोनवर दरडावतात आणि "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा" असे म्हणतात. डिजिटल अटक नावाची वस्तू आपल्या कायद्यात नाही. घाबरायचे नाही, फोन ठेवायचा आणि घरच्यांना सांगायचे. पैसे गेलेच तर लाज न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. येथे तासाला किंमत आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि फसलेल्या आजोबांना घरच्यांनी बोल लावू नये. बोल लावणाऱ्या घरात पुढची फसवणूक लपवली जाते.

येथे जमलेल्या तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण शिकवणार तुम्ही. पहिला नेम : शिकवताना आपले हात पाठीमागे बांधा. माऊस ज्याच्या हाती, विद्या त्याच्या हाती. तुम्ही झरझर करून दाखवता आणि विचारता, "समजले ना?" आजोबा मान हलवतात, समजलेले काहीच नसते. त्यांना करू द्या, चुकू द्या, तुम्ही फक्त तोंडाने सांगा. दुसरा नेम : एका दिवशी एकच गोष्ट, अर्धा तास, आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. तिसरा नेम : त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात पायऱ्या लिहून घ्यायला लावा. तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी हरवते. स्वतः लिहिलेली वही गाठीला राहते. चौथा नेम : ज्या शब्दाचा अर्थ तुम्हांला मराठीत सांगता येत नाही, तो शब्द तुम्हांलाही नीट कळलेला नाही असे समजा. आणि शेवटचा : हसू नका. तुम्हांला बाराखडी गिरवताना यांनी शंभरदा हात धरला, तेव्हा ते हसले नव्हते.

राहिला प्रश्न यंत्राचा. प्रत्येकाने लॅपटॉप विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. जुना घ्यायचा असेल तर बॅटरी किती टिकते, सर्व कळा चालतात का, हे पाहावे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून त्यापुढची आवृत्ती त्यावर चालते का, हेही विचारावे. पण गावाने मनावर घेतले तर प्रत्येक घराला खर्च करण्याचे कारणच नाही. वाचनालयात एक लॅपटॉप, एक माऊस आणि देवनागरी चिकटपट्ट्या एवढे ठेवावे. आठवड्यातले दोन दिवस, दुपारच्या वेळी, तो फक्त साठीपुढच्यांसाठी राखावा. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी पाळीपाळीने अर्धा तास तेथे बसावे. ज्या आजोबांना आधी येईल त्यांनी पुढच्या आजोबांना शिकवावे. समवयस्काकडून शिकताना संकोच वाटत नाही. आजींसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि शिकवायला मुलगी असावी. सामाईक यंत्र असल्यामुळे काम झाल्यावर आपल्या खात्यातून बाहेर पडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ग्रंथालयाचा हेतूच मुळी लोकांना वाचते करण्याचा. आज वाचण्याची एक पाटी बदलली आहे, एवढेच. शंभर माणसे बसतील असा वर्ग नको. वर्षाकाठी दहा ज्येष्ठ आपला अर्ज आपण वाचून, आपण भरून, आपला क्रमांक आपल्या बोटाने दाबू लागले, तरी मी म्हणेन की हे काम सार्थकी लागले.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. आपल्यापुढे आहे. पडद्यावरचा मजकूर जाळता येत नाही, फेकता येत नाही. तो वाचावाच लागतो. साठ वर्षे ज्यांनी संसार केला, दुष्काळ पाहिले, लिपी आणि नाणी बदलताना पाहिली, त्यांना दीड वीत रुंदीच्या या यंत्राचे भय वाटण्याचे कारण नाही. मी अध्यक्षमहाराजांना आणि चालकांना विनंती करतो की, आजची सभा उठण्यापूर्वी वाचनालयाच्या त्या दोन दुपारी कोणत्या, हे ठरवून जाहीर करावे. आणि पहिल्या दुपारी येणार कोण, त्या ज्येष्ठांनी येथेच आपले नाव आपल्या हाताने लिहून द्यावे.